मोटारीचे अंग पुसताना
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



दसरा जवळ आला की भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या मैदानावर रावणाचा सांगाडा उभा राहू लागतो, आणि त्याच सुमारास आसपासच्या वस्तीत मोटारी धुण्याची धांदल उडते. या दोन गोष्टींचा संबंध प्रथम ध्यानात येणार नाही. परंतु आपल्या मराठी घरांतून खंडेनवमीला आता शस्त्र म्हणून पूजेला मांडावयाचे तरी काय? विळी, कात्री, फार तर एखादा हातोडा. उरलेला सगळा मान दारातल्या मोटारीचा. तिला झेंडूची माळ घालावयाची, तिच्या कपाळी कुंकवाचे स्वस्तिक काढावयाचे, आणि तत्पूर्वी ती आरशासारखी लखलखली पाहिजे. अरेरा कॉलनीच्या गल्ल्यांतून त्या सकाळी जेवढे पाणी आणि जेवढी फडकी खर्ची पडत असतील, तेवढी वर्षातल्या दुसऱ्या कोणत्याही सकाळी पडत नसतील. हा सगळा उत्साह भक्तीचा असतो, यात शंका नाही. पण मोटारीच्या रंगाचे मत विचारले, तर त्याने बहुधा धुळीत उभे राहणेच पत्करले असते.

हे मी आज शहाणपणाने बोलत असलो, तरी ते मला उशिरा सुचले आहे. माझी मोटार गडद निळ्या रंगाची आहे. ती घेतल्याला दोन वर्षे झाली असतील. एका संध्याकाळी मी बिट्टन मार्केटच्या हाटातून भाजी घेऊन आलो. मोटार नेमकी रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी होती. पिशवी आत ठेवताना बॉनेटवर पडलेल्या दिव्याच्या प्रतिबिंबाकडे नजर गेली, आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळेच वर्तुळे दिसली. दोन पावले सरकलो, तर वर्तुळेही माझ्याबरोबर सरकली. सगळ्या मोटारीवर तेच.

आमच्या गल्लीतल्या दहाबारा मोटारी एक तरुण रोज पहाटे पुसत असे, आणि ते काम उरकून तो हाटात एका भाजीवाल्याच्या दुकानी बसत असे. दुसऱ्या दिवशी मी त्याला चार माणसांत फैलावर घेतले, आणि त्या महिन्याच्या पैशांतून दोनशे रुपये कापून घेतले. तो एवढेच म्हणाला, “बाबूजी, मी तर रोज पुसतो.” हे वाक्य मला उद्धट वाटले. ते अक्षरशः खरे होते, आणि सगळ्या दुखण्याचे मूळही त्यातच होते, हे मला पुढे कळले. माझे बोलणे ऐकून शेजारच्या दोघांनी आपापल्या मोटारी दिव्याखाली नेऊन पाहिल्या. त्यांनाही तीच वर्तुळे दिसली, आणि त्यांनी त्याला कामावरून काढून टाकले.

ही वर्तुळे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर स्वयंपाकघरात जावे. रोज घासले जाणारे स्टीलचे ताट दिव्याखाली धरावे. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती तशीच वर्तुळे दिसतील. ताट घासणारीचा हात काही कंपास धरून फिरत नसतो. चरे सगळ्या दिशांनी पडलेले असतात. परंतु त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, आणि त्यामुळे डोळ्याला वर्तुळाचा भास होतो. म्हणून “गोल हात फिरवू नका, सरळ पुसा” हा जो उपदेश सर्वत्र ऐकू येतो, त्यात अर्धेच तथ्य आहे. चरा सरळ असला तरी तो चराच.

चरा पडतो तो कशावर? पूर्वीच्या मोटारींची गोष्ट निराळी होती. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने फवारून मारता येईल आणि लवकर वाळेल असा रंग काढला. तोपर्यंत रंगवलेली मोटार वाळेपर्यंत कित्येक दिवस, प्रसंगी काही आठवडे, अडकून पडे. नंतर अनेक वर्षे रंग हाच मोटारीचा शेवटचा थर असे. जुनी अँबॅसडर पॉलिशने घासली की तिचा रंग फडक्याला लागत असे, हे पुष्कळांना आठवत असेल. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण सरकारी अँबॅसडर बहुधा पांढरी असे, आणि पांढरा रंग स्वभावाने क्षमाशील असल्यामुळे तिच्या अंगावरचे चरे कोणाच्या डोळ्यांत आले नाहीत. (त्या मोटारींत टॉवेल आत असे, साहेबांच्या पाठीशी, स्वच्छ पांढरा. बाहेर पुसावयाला काय होते, याची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.)

आजच्या मोटारीवर रंगाच्याही वर एक बिनरंगी, पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. मोटारीची झळाळी ती त्याची, आणि उन्हाचा मारा सोसणाराही तोच. त्याची जाडी बहुधा चाळीस ते पन्नास मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे भाषण ज्या वृत्तपत्रात छापून येईल, त्याचा कागद सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे ज्या कवचाच्या भरवशावर आपण भोपाळच्या मे महिन्यात मोटार उघड्यावर ठेवतो, ते वर्तमानपत्राच्या एका पानाहूनही पातळ आहे. चरे घालवण्यासाठी दुकानात मोटार घासून देतात, ती चरे भरून काढतात असे नव्हे. चऱ्याच्या आजूबाजूचा थर झिजवून सगळे एका पातळीला आणतात, एवढेच. वर्तमानपत्राचे पान किती वेळा झिजवता येईल? दर दिवाळीला मोटार घासून घेणारे गृहस्थ मला माहीत आहेत. काही वर्षांनी त्यांच्या मोटारीच्या छपरावर रंग भुरका होऊन पापुद्रे सुटू लागले.

आता चरा काढणारे हत्यार कोणते, ते पाहू. फडके नव्हे, साबण तर नव्हेच. ते हत्यार म्हणजे धुळीचा कण. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्स याने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक मोजपट्टी बसवली. तीत माणसाचे नख अडीचच्या जवळपास येते, काच साडेपाचच्या, आणि गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सातावर. भोपाळच्या टेकड्या बव्हंशी विंध्याच्या वालुकाश्माच्या आहेत. ज्या भीमबेटकाच्या गुहांत आदिमानवाने चित्रे काढली, त्याही याच जातीच्या खडकातल्या. वालुकाश्म म्हणजे घट्ट झालेली वाळू, आणि वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटीच. तो खडक झिजतो, धूळ उडते, आणि पहाटे मोटारीवर जी करडी साय बसलेली दिसते, तीत काचेलाही ओरखडा काढतील असे असंख्य कण असतात. त्यावर आपण कोरडे फडके ठेवतो आणि तळहाताने दाबून ओढतो. भीमबेटकाच्या भिंतीवर काय अन् आमच्या बॉनेटवर काय, चित्रे उमटावयाचीच.

म्हणून फडक्याची निवड करताना एकच प्रश्न विचारावा: कण सापडला, तर हे फडके त्याला कोठे ठेवील?

आपला घरगुती पंचा घ्या. अंग पुसावयाला त्याच्यासारखे सुखाचे वस्त्र नाही. तो पाणी शोषतो, लवकर वाळतो, जुना होईल तसा मऊ होतो. परंतु तो सपाट आहे. त्याच्या विणीत कणाला शिरावयाला जागा नाही. कण पंचा आणि रंग यांच्यामध्ये अडकतो आणि पंचाबरोबर फरफटत जातो. जुना सदरा त्याहून वाईट, कारण त्याला शिवणी असतात आणि कधी कधी विसरलेले बटणही असते. मोटारीच्या दुकानी नळकांड्यात मिळणारे ते गुळगुळीत, ओलसर, रबरासारखे कापड पाणी झपाट्याने पिते हे खरे. त्याचे मूळ आहे शॅमॉय नावाचे कमावलेले कातडे. आल्प्समधल्या एका रानटी शेळीसारख्या प्राण्यावरून ते नाव पडले, पण पुढे ते मेंढीच्या कातड्याचे होऊ लागले, आणि आता पुष्कळदा रसायनांचे. पूर्वीचे कसबी ड्रायव्हर शॅमॉयला प्राणापलीकडे जपत. मात्र तेही सपाट. मोटार खरोखर निष्कलंक धुतलेली असेल तरच ते निर्धोक. आणि मोटार खरोखर निष्कलंक धुतली गेली आहे, हे गृहीत धरण्याइतका माझा माणसांवर विश्वास उरलेला नाही, त्यांत मी स्वतःही आलोच.

टर्किश टॉवेलची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगावर सुताचे बारीक फासे उभे असतात, आणि त्या फाशांच्या मुळाशी कण जाऊन बसू शकतो. हे विणणे तुर्कस्तानातले. हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रजाने तिकडच्या प्रवासात तसा टॉवेल पाहिला, त्याच्या घराण्याच्या गिरणीने तो यंत्रावर विणला, आणि १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तो मांडला गेला. आपल्याकडे सोलापूरने हे विणकाम असे आपलेसे केले की तिथल्या चादरीप्रमाणेच टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आणि भोपाळकरांना तर लांब जावयासही नको; नर्मदेच्या अलीकडच्या तीरावर बुधनीला ट्रायडंट कंपनीचा टॉवेलांचा प्रचंड कारखाना आहे. असा जाड, मऊ सुती टॉवेल पाचसहा वेळा धुऊन घेतला, तर तो मोटारीचा शत्रू नव्हे. नवा कोरा टॉवेल मात्र वापरू नये. त्याला गिरणीतली खळ आणि गुळगुळीतपणाचा लेप असतो. तो पाणी पीत नाही, नुसते इकडून तिकडे ढकलतो. सुताचा आणखी एक दोष असा की धागा पाण्याने फुगतो, लवकर जड होतो, आणि तंतू मागे सोडतो. गडद मोटारीवर ते पांढरे तंतू वेचीत बसणे हा काही रविवार घालवण्याचा उत्तम मार्ग नाही.

या सगळ्यांत सरस ठरले आहे ते मायक्रोफायबर. त्याची हकिकत मोठी मौजेची आहे. जपानमधील तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० साली अतिसूक्ष्म तंतूंपासून कृत्रिम मऊ कातडे तयार केले. उद्देश कातड्याची नक्कल करण्याचा होता. पुसण्याच्या फडक्यांचा विचार पुढचा. म्हणजे कातडी शॅमॉयला मागे सारणारे फडके कृत्रिम कातड्याच्याच पोटी आले. नऊ हजार मीटर लांबीच्या ज्या तंतूचे वजन एक ग्रॅम भरते, तो एक डेनियरचा. रेशमाचा एकेरी तंतू साधारण तेवढा असतो. मायक्रोफायबरचा तंतू त्याहून बारीक. पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या जातीचे पॉलिअमाइड एकत्र कातून मग तो तंतू चिरतात, त्यामुळे त्याला पाचरीसारख्या कडा आणि मध्ये मध्ये सूक्ष्म फटी येतात. सुती धागा पाणी पोटात घेतो, तर हे कापड ते फटींत खेचून धरते. वातीने तेल चढावे तसे. म्हणून ते पिळले की पुन्हा पाणी पिण्यास तयार.

पण मायक्रोफायबर हा काही मंत्र नव्हे. बाजारात त्या नावाखाली जे ढिगाने मिळते, त्यात पुष्कळसे पातळ, आखूड लवेचे असते. ते स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी ठीक. पाणी टिपण्यासाठी चौरस मीटरला पाचशे ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाचा, लांब पिळदार लव असलेला टॉवेल घ्यावा. हा आकडा वेष्टनावर छापलेला असतो. घटकांचे प्रमाण ऐंशीस वीस किंवा सत्तरास तीस असे असते. वीस किंवा तीस हा भाग पॉलिअमाइडचा, आणि पाण्याची ओढ त्याच्यामुळे वाढते. यापेक्षाही मी काठाकडे अधिक लक्ष देतो. काठाची शिलाई कडक, जाड दोऱ्याची असेल, तर टॉवेल कितीही मऊ असो, तो काठ रंगावर नखासारखा फिरतो. काठ मऊ पट्टीचा असावा किंवा मुळीच नसावा. आणि त्याला शिवलेली कंपनीची चिठ्ठी पहिल्याच दिवशी कात्रीने उसवून टाकावी.

शंका असेल तर घरी एक परीक्षा करता येते. गाण्यांच्या निकामी झालेल्या सीडी अजून पुष्कळांच्या कपाटांत पडून आहेत. तिच्या चकचकीत बाजूवर फडके थोडे दाबून दहावीस वेळा फिरवावे आणि दिव्याखाली पाहावे. ही परीक्षा मी केली ती त्या तरुणाकडच्या फडक्याने. फडके मागून घेतले, उलगडले, आणि ते माझेच निघाले: आमच्याच घरातून दोन वर्षांपूर्वी दिलेला जुना सदरा, एक बटण शाबूत. सीडीवर जे उमटले ते सांगावयास नको. मग आठवले की उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असताना “पाणी वाया घालवू नकोस, कोरडेच पूस” असे त्याला बजावणाराही मीच होतो. दोनशे रुपये मी त्याला परत दिले. शेजारच्या दोघांकडेही जाऊन खरे काय ते सांगितले. त्यांतल्या एकांनी त्याला पुन्हा बोलावले. दुसऱ्यांनी तोवर दुसरा माणूस ठेवला होता, आणि ते बिऱ्हाड त्याचे गेले ते गेलेच.

आता रीत. आपल्या भाषेत पुसणे आणि टिपणे असे दोन शब्द आहेत. पुसण्यात हात चालतो, टिपण्यात कापड काम करते. शाई टिपकागदाने कोणी पुसत नाही. तो नुसता वर ठेवून दाबतात. मोटार धुऊन झाल्यावर तिच्याशी तसेच वागावे. पण त्याआधी टॉवेलचे अर्धे काम पाण्याकडूनच करून घ्यावे. शेवटचे पाणी मारताना नळीच्या तोंडावर अंगठा धरून फवारा उडवू नये. तोंड मोकळे सोडून छपरावरून एकसंध, संथ धार सोडावी. पाण्याला पाण्याची ओढ असते. पसरलेला पडदा आपल्याबरोबर थेंबांना ओढून नेतो आणि मोटार बरीचशी आपोआप निथळते. ज्यांच्याकडे हवा फुंकणारे यंत्र असेल, त्यांनी आरशांच्या बगला, दारांच्या फटी आणि दिव्यांच्या कडा त्याने मोकळ्या कराव्या. हवेइतके मऊ फडके अद्याप कोणी विणलेले नाही. उरलेल्या पाण्यावर टॉवेल दोन्ही हातांनी पसरून ठेवावा, वरून थोपटावा आणि उचलावा. फार तर त्याच्या स्वतःच्या वजनाने अलगद ओढावा. तळहाताचा भार देऊ नये. आधी छप्पर, मग काचा, बॉनेट आणि बाजू. चाकांच्या वरचा खालचा पट्टा सर्वांत शेवटी, आणि तोही दुसऱ्या फडक्याने, कारण चिखल आणि ब्रेकची लोहमिश्रित भुकटी तेथेच साठते. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद. तो झटकून पुन्हा वापरावयाचा मोह फार होतो. माझ्या निळ्या दारावरचे दोन लांब चरे अशाच एका झटकलेल्या टॉवेलचे आहेत.

“मग पुसावेच कशाला? उन्हात वाळू द्यावी,” असे कोणी म्हणेल. तसे करून पाहिलेल्यांनी काचेवर पांढरे डाग पाहिलेच असतील. भोपाळला मोठ्या तलावाचे, कोलार धरणाचे आणि नर्मदेचे पाणी येते. पण धुण्याला पुष्कळ घरी बोअरचे पाणी वापरतात, आणि त्यात विरघळलेले चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब आटतो, क्षार राहतात. एप्रिल-मेमध्ये उन्हातले बॉनेट हात ठेववत नाही इतके तापते. तेथे थेंब मिनिटात आटतो आणि त्याचे कडे रंगावर चिकटून बसते. फार दिवस राहिले तर ते रंगात रुतते. ताजे असेल तर पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून त्या ओल्या फडक्याने क्षणभर दाबून धरावे आणि लगेच पाण्याने धुवावे, खरवडू नये. धुवावे ते सावलीत, सकाळी, बॉनेट थंड असताना. धुतलेली मोटार वाऱ्याने वाळावी म्हणून हमरस्त्यावर पिटाळणारेही लोक आहेत. त्यांच्या मोटारीचे पाणी वाळते, आणि त्याच्या जागी रस्त्याची धूळ थापली जाते.

रोज पहाटे कोरडे पुसणे मात्र सरळ बंद करावे. आठवड्यातून एकदा नीट धुवावे, मधल्या दिवशी काचा तेवढ्या ओल्या फडक्याने स्वच्छ कराव्या, आणि बाकी धूळ राहू द्यावी. धूळ नुसती बसून राहिली तर चरा पाडीत नाही. हे पटवून देणे फार कठीण आहे. आमच्या गल्लीत अजूनही न पुसलेली मोटार दिसली की लोक घरात कोणी आजारी आहे का, असे विचारतात.

टॉवेल धुण्याविषयी थोडेसे. मायक्रोफायबर घरातल्या सुती कपड्यांबरोबर धुवू नये. सुताचे तंतू त्याच्या फटींत अडकून बसतात. पातळ साबण थोडाच घालावा. कपडे मऊ आणि सुगंधी करणारे जे द्रव मिळतात ते तर मुळीच नकोत. त्यांचा मेणचट लेप तंतूंवर बसतो आणि टॉवेल पाणी पिण्याचे विसरतो. उकळते पाणी आणि इस्त्री या दोन्हींनी तंतू बिघडण्याची भीती. आणि वाळत घालताना आपली जुनी सवय सोडावी: कुंपणाच्या मेंदीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर टाकलेला टॉवेल काटेकुसळे आणि वाळू गोळा करूनच खाली येतो. दोरीवर, सावलीत, आणि वाळताच घडी घालून बंद डब्यात.

मी तसे चार टॉवेल घेतले. दोन त्या तरुणाच्या स्वाधीन केले आहेत, दोन घरी असतात, आणि दर शनिवारी त्यांची अदलाबदल होते. धुणे आमच्याकडे. चाकांसाठी जुने सुती टॉवेल वेगळे ठेवले असून, ते चुकून वरच्या कामाला जाऊ नयेत म्हणून त्यांच्या कोपऱ्याला काळ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवली आहे.